हेन्रीचं लोखंड, दोस्तांचे हात

फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा नंबर चासीच्या डाव्या तुळईवर, वरच्या अंगाला ठोकलेला असतो आणि नेमकी त्याच्यावरच बॉडी बसते. कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळतो का, हे पाहायचं तर बॉडीचे बोल्ट सोडून ती उचलावी लागते. बिनछपराच्या रोडस्टरची बॉडी तशी हलकी, पण एकट्याच्या आवाक्यातली नाही. चार कोपऱ्यांना चार माणसं हवीत, शिवाय विजेरी धरून, वाकून आकडे वाचणारा पाचवा. कॅलिफोर्नियात अशी गाडी घेऊन तिची हॉट रॉड करायला निघालेल्या माणसाला पहिल्याच शनिवारी मित्रांना फोन करावे लागतात ते यामुळे.

व्हिटियरमधल्या गॅरेजात विजेरी माझ्या हातात होती, कारण बाकी कशासाठी माझा उपयोग आहे हे कुणाला अजून ठाऊक नव्हतं. व्हिटियर हे लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडचं जुनं उपनगर. याच नावाच्या रस्त्यावर संध्याकाळी सजवलेल्या गाड्या संथपणे फिरवण्याची मेक्सिकन-अमेरिकन पोरांची रीत जगप्रसिद्ध आहे. गॅरेजच्या मालकाला मी इथे नुसतं मास्तर म्हणणार आहे. नाव छापू नकोस, असं त्यानं बजावलंय. एका सरकारी हायस्कूलमध्ये तो मुलांना लेथ, वेल्डिंग आणि ओतकाम शिकवायचा. शाळेनं तो वर्ग बंद करून यंत्रं लिलावात काढली तेव्हा एक लेथ त्यानंच विकत घेतला आणि गॅरेजच्या भिंतीला लावला. धुलाईयंत्र अंगणात गेलं. त्यावर घरात काय बोलणं झालं असेल, ते मी विचारलेलं नाही.

माझा या लोकांशी संबंध आला तो त्या लेथच्या आवाजामुळे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं मशीन शॉप होतं, इंजिनाचे ब्लॉक बोअर होताना पाहत मी मोठा झालो. परदेशातल्या गल्लीत शनिवारी सकाळी तोच आवाज कानावर आल्यावर पाय आपोआप तिकडे वळले. मंडळी ठरलेली: जहाजगोदीत काम करणारा एक वेल्डर, गाद्या शिवणारी त्याची बायको, विमान कारखान्यातून निवृत्त झालेला एक फिटर, आणि मास्तरचा एकोणीस वर्षांचा नातू. या नातवाला पाना कुठल्या हातात धरायचा हे कळायच्या आधीपासून कुठली गाडी कुठल्या सालची हे कळत होतं.

हॉट रॉड म्हणजे जुनी, स्वस्तातली, बहुतेक वेळा फोर्डची गाडी घ्यायची आणि वेगाला नको ते सगळं काढून टाकायचं. मडगार्ड, बाजूच्या पायऱ्या, बंपर, कधी बोनेटच्या कडेचे पत्रेही. मग ताकदीचं इंजिन बसवायचं, पुढचं टोक जमिनीकडे झुकवायचं, मागे मोठी चाकं लावायची, पुढे लहान. पारंपरिक म्हणवणाऱ्यांची अट याहून कडक असते. ते एक साल ठरवतात, आणि त्या सालानंतर बनलेली कोणतीही वस्तू गाडीवर दिसता कामा नये. मास्तरनं ठरवलेलं साल १९५०. म्हणजे डिस्क ब्रेक नाहीत, रेडियल टायर नाहीत, प्लॅस्टिकच्या नळ्या नाहीत, आणि आजच्या धर्तीचे षट्कोनी खड्ड्याचे चकचकीत बोल्टही नाहीत. अर्थात प्रत्येक कडक पंथात असतात तशा पळवाटा इथेही आहेत. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटात इलेक्ट्रॉनिक इग्निशन लपवणारे महाभाग मी पाहिले आहेत. झाकण उघडून दाखवताना ते आवाज खाली आणतात.

हा छंद नेमका लॉस एंजेलिसच्या आसपासच का रुजला, याला कारणं आहेत. तिथे बर्फ पडत नाही, त्यामुळे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत आणि पत्रा सडत नाही. उघडी गाडी बारा महिने चालवता येते. आणि शहराच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की मोहावीच्या वाळवंटात कोरडी तळी आहेत. पावसाळ्यात बोटभर पाणी साचतं, ते आटलं की मैलोन्‌मैल सपाट, कडक मातीचा तळ उरतो. मुरॉक, रोझामंड, हार्पर, एल मिराज ही त्यातली गाजलेली नावं. तिशीच्या दशकात पोरं रात्रीतून गाडी हाकत तिथे पोहोचायची, हेडलाइट आणि काच उतरवून ठेवायची, आणि पहाटे वारा सुटायच्या आत वेग काढून बघायची. सुरुवातीला गाड्या रांगेनं एकदम सुटत. पुढच्या गाडीची धूळ मागच्याच्या डोळ्यांत जायची आणि त्यातून माणसं मेली. १९३७ साली काही क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, तिचं लघुरूप एससीटीए. मे १९३८ मध्ये मुरॉकला तिची पहिली रीतसर स्पर्धा झाली. मुरॉकचं तळं पुढे लष्करानं घेतलं. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे.

या पोरांच्या हातात इंजिन कुठलं आलं, हे महत्त्वाचं. मार्च १९३२ मध्ये, ऐन मंदीत, हेन्री फोर्डनं आठ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत घातलं. तोवर व्ही-८ ही श्रीमंतांच्या गाड्यांची मिजास होती. फोर्डच्या कारखान्यानं अख्खा ब्लॉक एकाच ओतीव तुकड्यात काढायचं तंत्र बसवलं आणि किंमत खाली आली. २२१ घनइंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटर, आणि ६५ अश्वशक्ती. त्याच वर्षीच्या चासीच्या बाजूंना सुरेख उठावदार रेघ होती, कारण ती झाकायची नव्हतीच. आधीच्या मॉडेल एची चासी सपाट, कडेच्या पत्र्यांआड लपवायची. मडगार्ड काढले की १९३२ ची चासी शोभून दिसते आणि मॉडेल एची उघडी पडते. म्हणून बॉडी १९२८ ते ३१ मधल्या मॉडेल एची, चासी १९३२ ची आणि इंजिन व्ही-८, हा जोड फार लवकर जमला. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मॉडेल एचं एकशे साडेतीन इंच, १९३२ चं १०६. हे अडीच इंच सामावून घेण्यातच निम्मी कारागिरी जाते.

हा जोड अगदी सुरुवातीला जमवणाऱ्यांत जॉन अथान या तरुणाचं नाव घेतात. १९३७ च्या सुमारास त्यानं १९२९ ची बॉडी १९३२ च्या चासीवर चढवली. वीस वर्षांनी, १९५७ च्या ‘लव्हिंग यू’ या चित्रपटात एल्विस प्रेस्ली जी रोडस्टर चालवताना दिसतो, ती हीच. अथानचा तरुणपणापासूनचा दोस्त एड इस्केंडेरियन. आर्मेनियन वंशाच्या या पोरानं १९२४ च्या फोर्ड मॉडेल टीची बॉडी एसेक्स गाडीच्या चासीवर बसवली आणि १९४२ मध्ये वाळवंटात तिला ताशी १२० मैलांपर्यंत नेलं. मग युद्धावर गेला. परत येऊन पाहतो तर कॅमशाफ्ट घासून देणाऱ्या कारागिरांकडे ही मोठी रांग. एड विनफिल्ड हा त्या विद्येतला मोठा माणूस, त्याच्याकडे पाहून इस्केंडेरियन शिकला होता. त्यानं जुनं दंडगोल ग्राइंडिंग मशीन मिळवलं, स्वतःच फेरफार करून त्यावर कॅम घासायला सुरुवात केली, आणि त्यातून ‘इस्की’ नावाचा मोठा उद्योग उभा राहिला. ‘हॉट रॉड’ मासिकाच्या जून १९४८ च्या मुखपृष्ठावर त्याची ती मॉडेल टी आहे.

ते मासिक जानेवारी १९४८ चं. एससीटीएनं लॉस एंजेलिसच्या शस्त्रागाराच्या इमारतीत गाड्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा रॉबर्ट पीटरसन आणि रॉबर्ट लिंडसे हे दोघे तरुण पहिला अंक पंचवीस सेंटला हातोहात विकत उभे होते. त्या आधी, मार्च १९४६ मध्ये, अ‍ॅलेक्स झिडियस नावाचा सैनिक लष्करातून सुटला आणि त्याच दिवशी त्यानं बरबँकमध्ये सो-कॅल स्पीड शॉप उघडलं. युद्धानं या पोरांना खूप काही शिकवून परत पाठवलं होतं: अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग, हायड्रॉलिक, मोजमापातली काटेकोरी. बिल बर्कनं विमानाच्या पोटाखाली लावायची जादा पेट्रोलची टाकी घेतली, तिच्यात इंजिन आणि बसायची जागा केली आणि तळ्यावर पळवली.

पण युद्धाच्या वर्षांत हे सगळं विखुरलं कसं नाही, याचं श्रेय एका बाईला आहे. व्हेडा ऑर ही एससीटीएमध्ये गाडी पळवणारी पहिली स्त्री. स्पर्धा बंद पडल्या, पोरं पॅसिफिकमध्ये आणि युरोपात गेली, तेव्हा ती संघटनेचं बातमीपत्र चालवत होती आणि सैन्यातल्या पोरांना पाठवत होती. कोण कुठे आहे, कोण परत येणार नाही, कुणाची गाडी कुणाच्या परसात झाकून ठेवली आहे. या विषयावरच्या जाडजूड सचित्र पुस्तकांत इंजिनांना पानंच्या पानं मिळतात आणि व्हेडाबाईंना एक परिच्छेद. मला हे उलटं वाटतं.

आता मास्तरच्या इंजिनाकडे येतो.

फोर्डच्या या व्ही-८ मध्ये व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्येच असतात. हेड म्हणजे वर घट्ट बसणारं झाकण, सपाट. म्हणून सगळे त्याला फ्लॅटहेड म्हणतात. दिसायला इतकं साधं इंजिन दुसरं नसेल. खोड आहे ती धूर बाहेर जाण्याच्या वाटेत. व्हॉल्व्ह व्हीच्या आतल्या अंगाला आणि एक्झॉस्टचा पाइप बाहेरच्या, त्यामुळे जळलेला वायू सिलिंडरांच्या मधून, ब्लॉकच्या पोटातून, भोवतालचं पाणी तापवत बाहेर पडतो. मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच वाट, म्हणजे एका बाजूला सिलिंडर चार आणि धुराची भोकं तीन. हे इंजिन तापतं म्हणून बदनाम आहे ते यामुळे. चांगला रेडिएटर, दोन्ही पाण्याचे पंप आणि आतून स्वच्छ ब्लॉक असेल तर ते तापत नाही, असं मास्तरचं ठाम मत. त्यातला आतून स्वच्छ हा भाग त्यानं माझ्यावर टाकला.

ब्लॉक १९४६ ते ४८ या काळातला, २३९ घनइंचांचा. आधी तो कॉस्टिकच्या गरम टाकीत बुडवून काढला होता. तरीही पाण्याच्या भोकांतून वाकवलेल्या तारा घालून खरवडायला लागलो तेव्हा आतून काळपट, गंजानं चिकटलेली वाळू पडू लागली. ओतकामाच्या वेळी पोकळ्या राहाव्यात म्हणून आत कोअर बसवतात, त्याची ही वाळू. कारखान्यात झाडून काढायची राहिलेली आणि पाऊण शतक तिथेच बसलेली. मागच्या दोन सिलिंडरांभोवती ती सगळ्यात जास्त होती. कोअरला आधार देणाऱ्या तारेचा एक तुकडाही निघाला. उद्यमनगरात ज्यानं साचे भरताना पाहिले आहेत त्याला ही वाळू हातात घेतल्यावर डेट्रॉइटचा तो अनोळखी कामगार लांबचा वाटत नाही. तसराळं भरलं तेव्हा फिटरनं ते तराजूवर ठेवलं, आकडा वाचला आणि म्हणाला, “एवढं वजन कमी करायला लोक पैसे मोजतात.”

मग भेगांची तपासणी. ही पाहण्यासारखी असते. दोन पायांचं विद्युतचुंबक लोखंडावर टेकवतात आणि रबरी फुग्यानं त्यावर बारीक लोहचूर्ण फुंकतात. पृष्ठभाग अखंड असेल तर पूड उडून जाते. भेग असेल तिथे रेघ धरून बसते. आमच्या ब्लॉकवर व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरच्या काठापर्यंत एक रेघ उमटली. नुसत्या डोळ्याला तिथे काही दिसत नव्हतं. फ्लॅटहेडला ही भेग इतकी ठरलेली आहे की कुणी दचकलंही नाही. फिटरनं भेगेच्या टोकाला भोक पाडून ती पुढे सरकणं थांबवलं. मग तिच्यावर ओळीनं, एकमेकांत शिरतील अशी भोकं पाडली, आटे पाडले, त्यात ओतीव लोखंडाच्या पिना पिळून बसवल्या, वरचा भाग कापून कानशीनं सपाट केला. तापवायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. उष्णतेनं ओतीव लोखंडाला नवी भेग जाते. पूर्ण दुपार एका इंचासाठी. नातू शेजारी उभा राहून एकेक पिन हातात देत होता, आणि शेवटच्या काही पिना फिटरनं त्याच्याकडून बसवून घेतल्या.

सिलिंडर बोअर करून ३ पूर्णांक ५/१६ इंचांवर नेले. १९४९ च्या मर्क्युरी गाडीचा चार इंच स्ट्रोकचा क्रँक बसवला. हा जोड या लोकांत पाठ असतो: २७६ घनइंच, म्हणजे साडेचार लिटर. हेड अ‍ॅल्युमिनियमची, जुनी. आणि वर दोन स्ट्रॉमबर्ग ९७. हे कार्ब्युरेटर १९३६ ते ३८ च्या फोर्डवर येत. आतल्या गळ्याचा व्यास ०.९७ इंच, त्यावरून ते नाव. दोन कार्ब्युरेटर सारखी हवा घेतात की नाही, हे पाहायची उपकरणं मिळतात. मास्तर मात्र रबरी नळीचं एक टोक कानाशी धरतो आणि दुसरं आळीपाळीनं एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोन्हींची फुसफुस सारखी आली की स्क्रू तिथेच सोडायचा. माझ्या कानाला ती सारखी वाटली तेव्हा त्यानं आणखी पाव फेरा दिला. फरक मला आजही सांगता येणार नाही, इंजिनाला मात्र तो कळला.

चासीचं काम याच्या मानानं धोपट असतं. पुढचा अ‍ॅक्सल हा आडवा दांडा. त्याची टोकं तापवून, खेचून असं वळण द्यायचं की दांडा जमिनीकडे खाली जातो आणि गाडीचं नाक झुकतं. सॅन दिएगोचा एड स्टुअर्ट या कामासाठी प्रसिद्ध होता. अ‍ॅक्सलला मागून धरणाऱ्या फोर्डच्या व्ही आकाराच्या दांड्या मधोमध कापून त्यांची टोकं चासीच्या दोन बाजूंना न्यायची, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सला जागा होते. ब्रेक १९४० च्या फोर्डचे. हेन्री फोर्ड बाकी कितीतरी गोष्टींत पुढे, पण हायड्रॉलिक ब्रेकना त्यानं १९३९ पर्यंत दारात उभं केलं नाही. तोवर पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळ्याच होत्या. जुनी फोर्ड हाती आली की बरीच पोरं पहिल्यांदा ब्रेक बदलत आणि मग इंजिन. बेफिकीर म्हणून वर्तमानपत्रांनी ज्यांना झोडपलं त्यांच्यातल्या अनेकांच्या कामाचा हा क्रम होता, हे नमूद करायला हवं. रस्त्यावर शर्यती लावून मरणारे आणि मारणारेही त्यांच्यात होते, तेही खरं. आणखी एक गोष्ट. मॉडेल एची पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या जागी, थेट चालकाच्या गुडघ्यांपुढे असते. मास्तरनं ती रिकामी करून नुसती शोभेला ठेवली आणि खरी टाकी मागे डिकीत नेली. तिथे परंपरेपेक्षा अक्कल वरचढ ठरली.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते बॉडीवरून. ती चासीच्या वर ठेवायची, की फरशी कापून चासीभोवती खाली उतरवायची? वर ठेवलेल्या गाडीला हायबॉय म्हणतात आणि कॅलिफोर्नियाचा जीव तिच्यात आहे. पूर्व किनाऱ्यावर बॉडी खाली उतरवायची आवड. वेल्डर मूळचा न्यू जर्सीकडचा. त्यानं कागदावर चित्रं काढून आणली, पुठ्ठ्याचा नमुना केला, एका शनिवारी रुसून आलाच नाही. मास्तरनं काही केलं नाही. फक्त त्याच्या बायकोला फोन करून विचारलं, की बसायच्या गादीला उंची किती लागेल. तिनं मोजून सांगितलं, की बॉडी खाली उतरवली तर तिच्या नवऱ्याचे गुडघे स्टेअरिंगला लागतील. वाद तिथे मिटला.

त्याच वेल्डरनं पुढे केलेलं काम पाहून मी थक्क झालो. जुन्या पत्र्याचा खालचा हातभर भाग गंजला होता, तो कापून नवा जोडला. आपल्याकडे डेंटिंगवाला अशा जोडावर पुट्टी मारून मोकळा होतो. १९५० पर्यंतच्या नियमात पुट्टी बसत नाही, शिसं बसतं. आधी पत्रा घासून त्यावर कथलाचा पातळ थर चढवायचा. मग कथील मिसळलेल्या शिशाची कांडी ज्योतीत धरायची. ती लोण्यासारखी मऊ होते त्या क्षणाला लाकडी थापीनं दाबून पसरवायची. थापीला मेण लावायचं, नाहीतर ती चिकटते. ज्योत जरा जास्त वेळ राहिली की सगळं वितळून जमिनीवर, कमी पडली की खरखरीत गोळा. उभ्या भिंतीवर हे करायचं असतं. तो ज्योत पत्र्याजवळ नेऊन झटकन मागे घेत होता, पुन्हा नेत होता, डोळे शिशाच्या चमकेवर. नंतर कानस लावली तेव्हा जोड बोटांनीही सापडत नव्हता. शिशाची पूड विषारी, म्हणून ग्राइंडर लावायचा नाही, हातानंच घासायचं आणि तोंडावर मुखवटा हवा. १९४८ मध्ये मुखवटा कुणी घालत नसे. परंपरेचा हा भाग कुणाला परत नको आहे.

हे सगळं पैशांत मोजायला गेलं की हसू येतं. नवी कोरी मॉडेल ए रोडस्टर १९२८ साली ३८५ डॉलरला मिळायची. दहा-पंधरा वर्षांनी ती भंगाराच्या भावात उचलता येई, म्हणून तर पोरांनी ती उचलली. आज ओहायोतल्या ब्रुकव्हिलमध्ये मॉडेल ए आणि १९३२ च्या फोर्डच्या बॉड्या नव्या पत्र्यातून बनतात. चासी नवी मिळते, अ‍ॅक्सल नवा मिळतो, स्ट्रॉमबर्गसुद्धा पुन्हा बनू लागले आहेत. यादी घेऊन बसलात तर हेन्रीचा एकही खिळा न लावता पूर्ण १९३२ ची फोर्ड उभी राहते, आणि नामांकित वर्कशॉपकडून करून घेतली तर बिल लाख डॉलरच्या वर जाऊ शकतं. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी जरूर करावं. पत्रा नवा असण्याला माझी हरकत नाही, उलट जुन्या बॉड्या संपत चालल्या असताना ते बरंच आहे. पण पैसे भरून, चावी घेऊन जायच्या गाडीला पारंपरिक म्हणू नये. १९४८ मध्ये जे हातात नव्हतं ते म्हणजे पैसा. जे होतं ते म्हणजे वेल्डिंग येणारा एक मित्र, लेथ असलेला दुसरा आणि काम चालू असताना रेडिओ लावून बसणारा तिसरा. हे तिघं यादीत मिळत नाहीत.

आणि खरी टंचाई तिथेच आहे. फिटरनंतर त्या पिना कोण बसवणार? शाळांमधले कर्मशाळेचे वर्ग बंद पडत गेले, यंत्रं विकली गेली. सुटे भाग पुन्हा बनवता येतात. हात मात्र तसे मागवता येत नाहीत. म्हणून मला नातवानं बसवलेल्या त्या शेवटच्या पिना सगळ्या गाडीपेक्षा मोलाच्या वाटतात.

भारतात असं काही करावं असं वाचणाऱ्या कुणाच्या मनात आलं असेल तर आधीच सांगतो, रस्त्यावर आणता येणार नाही. फोर्डनं १९२६ मध्ये मुंबईत बस्तान बसवलं होतं आणि १९५४ पर्यंत इथे गाड्या जोडल्या. तेव्हा मॉडेल ए आणि व्ही-८ आपल्याला अपरिचित नाहीत. पण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं उत्पादकानं दिलेल्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करायला मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका उचलून धरली. २०२१ च्या विंटेज नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या पाट्या मिळाल्या, त्याही गाडी मूळ स्वरूपात जपली असेल तरच. कायदा समजण्यासारखा आहे, आपल्या रस्त्यांवर बिनमडगार्डाच्या गाड्या सोडाव्यात असं मीही म्हणणार नाही. मला खटकतं ते दुसरंच. जुनी गाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिकांची रोल्सच येते, आणि मूळ म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, एवढाच अर्थ आपण धरतो. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी गाड्यांना चाळीस-पन्नास वर्षं मिस्त्रींनी जे मिळेल ते जोडून चालतं ठेवलं. ती कारागिरी आपण पुनरुज्जीवनाच्या नावाखाली खरवडून काढतो. अमेरिकेलाही हे कळायला वेळ लागलाच. पेबल बीच हे तिथलं जुन्या गाड्यांचं सर्वांत मानाचं प्रदर्शन. तिथे हॉट रॉडना पहिल्यांदा वर्ग मिळाला १९९७ मध्ये, आणि पहिलं बक्षीस गेलं डोन स्पेन्सरनं चाळीसच्या दशकात घडवलेल्या १९३२ च्या रोडस्टरला. जी गाडी तरुण पोरानं कापली होती, तिचं कापणंच जपण्याजोगं ठरलं.

मास्तरच्या गाडीला अजून रंग नाही. प्रायमरवरच ती फिरते, आणि रंग कुठला यावरून नवं भांडण सुरू झालं आहे. नोंदणीच्या कागदावर नाव त्याचं एकट्याचं. गेल्या हंगामात ती एल मिराजला जाऊन आली. पळवायला नव्हे, एससीटीएचे सुरक्षेचे नियम फार कडक आहेत आणि तिच्यात गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजराही नाही. नुसती बघायला, इतर गाड्यांच्या रांगेत उभी राहायला. वाटेत डोंगर चढताना इंजिन तापलं नाही. वाळू काढणाऱ्याच्या नात्यानं मी ते दोनदा विचारून घेतलं.

मुलांकडे अमेरिकेला जाणारे वाचक पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी एवढं सांगून थांबतो. लॉस एंजेलिसला मुक्काम असेल तर डिस्नेलँड आणि हॉलिवूड झाल्यावर एक दिवस काढून ठेवा. एल मिराज शहराच्या ईशान्येला, मोटारीनं साधारण दोन तासांवर आहे. एससीटीएच्या स्पर्धा मे ते नोव्हेंबर या महिन्यांत तिथे ठरावीक शनिवार-रविवारी होतात, सगळा कारभार स्वयंसेवक चालवतात आणि प्रेक्षकांना जाता येतं. जमीन सरकारी आहे, गाडीमागे प्रवेशशुल्क पडतं. पाणी, टोपी आणि डब्यात काहीतरी घेऊन जा, तिथे सावली नाही. कुणाच्याही गाडीजवळ उभं राहून इंजिनाबद्दल एक प्रश्न विचारा, तुम्हाला खुर्ची मिळेल. फक्त मडगार्ड नसलेल्या गाडीच्या मागे उभे राहू नका, खडे लागतात.